केसपेपरवरची एक ओळ आणि वीस रेघांचं इन्सुलिन

"रुग्ण व नातेवाईकांना इन्सुलिनविषयी समजावून सांगितले."

डिस्चार्जच्या दिवशीची ही नोंद. खाली अंगठ्याचा ठसा, शेजारी माझी सही. अक्षरही माझंच. ही ओळ लिहून सहा महिने झाले होते आणि ज्या बाईचा तो अंगठा, ती माझ्यासमोर ओपीडीच्या बाकावर बसली होती. तिच्या पिशवीत ऊसपट्ट्यातल्या एका खासगी दवाखान्याचा कागद होता. बेशुद्धावस्थेत आणले, रक्तातली साखर २८ (जिवावर बेतेल इतकी कमी), शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण) दिले, दोन दिवस देखरेखीखाली ठेवले, असं त्यावर होतं. कारणाच्या जागी दोनच शब्द : इन्सुलिनचा जादा डोस.

मी मराठवाड्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्त्री मेडिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. हे प्रकरण आमच्या वॉर्डातल्या बैठकीसाठी मी सविस्तर लिहून काढलं होतं. तेच इथे मांडते आहे. बाईची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्या चुकीचे तपशील मात्र होते तसेच ठेवले आहेत.

बाई कोण होती

वय पन्नाशीच्या आतबाहेर. ऊसतोड कामगार. दसरा झाला की टोळीबरोबर नवऱ्यासह कारखान्याच्या फडावर जायचं आणि होळीच्या आसपास गावी परतायचं, हे लग्नापासून चाललेलं. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती अंगमेहनतीनं फेडायची. एका दिवसाची सुट्टी झाली तर खाडा लागतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही कापला जातो. जोडीतलं एक माणूस आजारी पडलं तर अख्खा कोयता बंद पडतो. हे सगळं आमच्या भागातल्या कुठल्याही सिस्टरला माहीत असतं. मलाही माहीत होतं. डिस्चार्जच्या वेळी ते माझ्या मनात नव्हतं, इतकंच.

पायाच्या अंगठ्याजवळची जखम चिघळली म्हणून ती दाखल झाली. साखर चारशेच्या वर. मधुमेह आहे हे तिला तीन वर्षांपासून ठाऊक होतं, गोळ्या जमेल तशा चालू होत्या. जखमेची स्वच्छता, अँटिबायोटिक आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन. नऊ दिवसांत जखम कोरडी पडू लागली. डॉक्टरांनी तीस-सत्तर मिश्र इन्सुलिन (तीस टक्के झटपट आणि सत्तर टक्के सावकाश काम करणारं) लिहून दिलं : सकाळी २० युनिट, संध्याकाळी १०.

केसपेपरच्या पूर्वेतिहासात आणखी एक ओळ होती. गर्भपिशवी काढली, वय अंदाजे ३२. आमच्या जिल्ह्यांत ही ओळ इतक्या केसपेपरांवर असते की डोळा तिच्यावर थांबत नाही. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

चार मिनिटं

दसरा दोन दिवसांवर आलेला. त्या दिवशी ११ डिस्चार्ज, ४२ खाटा, सकाळपाळीला मी आणि एक स्टाफ सिस्टर. टोळीची गाडी भरायची होती, त्यामुळे तिचा मुलगा सकाळपासून दारात उभा. मी औषध भांडारात जाऊन, सांगूनसवरून एकाऐवजी तीन बाटल्या मिळवल्या. एका बाटलीत १० मिली, दर मिलीला ४० युनिट, म्हणजे ४०० युनिट. रोजची ३० धरली तर तीन बाटल्या चाळीस दिवस पुरतात. त्या दिवशी मला या गोष्टीचं समाधान वाटलं होतं. आज वाटतं, तिथंच माझं लक्ष बाटल्यांवर गेलं आणि बाईवरून सुटलं.

मी सिरिंज हातात घेऊन दाखवली. "सकाळी विसाव्या रेघेपर्यंत ओढायचं, संध्याकाळी दहाव्या. पोटावर टोचायचं. टोचलं की अर्ध्या तासात जेवायचं. बाटली माठाजवळ गार जागेत ठेवायची." मुलगा बारावी झालेला, त्यानं मान डोलावली. मी विचारलं, "समजलं ना मावशी?" ती म्हणाली, "व्हय सिस्टर." अंगठा घेतला. चार मिनिटं, फार तर पाच.

काय सांगायचं राहिलं? इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं आणि सिरिंजाही दोन प्रकारच्या असतात, हे राहिलं. ४० च्या बाटलीला लाल टोपीची, ४० लिहिलेली सिरिंज. १०० च्या औषधाला नारिंगी टोपीची, १०० लिहिलेली. साखर खाली गेली तर घाम येतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, भोवळ येते, आणि अशा वेळी पहिली गोष्ट म्हणजे तीन चमचे साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाकायचा, हे राहिलं. बाटल्या संपल्यावर काय करायचं, हे राहिलं. सगळ्यात वाईट म्हणजे मी हे ज्याला सांगितलं तो मुलगा फडावर जाणारच नव्हता. तो गावीच राहून म्हातारी आणि जनावरं सांभाळणार होता. मी एकदाही विचारलं नाही की तिकडे सुई टोचणार कोण.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. नऊ दिवस ती आमच्याकडे होती. दिवसाला दोन म्हणजे अठरा इंजेक्शनं. अठराच्या अठरा आम्ही टोचली. ट्रे घेऊन गेलो, "मावशी, पदर बाजूला घ्या" म्हणालो, टोचलं आणि पुढच्या खाटेकडे वळलो. त्यातली निम्मी जरी तिच्या हातात सिरिंज देऊन करून घेतली असती तर शेवटच्या दिवशी मला काही शिकवायची गरजच उरली नसती. वेळ नव्हता हे खरं. पण त्या अठरा वेळा आम्ही तिच्या खाटेपाशी उभ्याच होतो, हेही तितकंच खरं.

फडावर

पुढचं सगळं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं सांगितलेलं.

चाळीस दिवस नीट गेले. नवरा दिव्याच्या उजेडात रेघा मोजून सिरिंज भरून द्यायचा, ती टोचून घ्यायची. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, माठाशेजारी ओल्या फडक्यात बाटली. कार्तिकी पौर्णिमेनंतर तिसरी बाटली संपली. नवरा बाजारच्या गावात मेडिकलवर गेला, पण रिकामी बाटली नेली नव्हती. बाटली पाचटाबरोबर जळून गेली होती. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. दुकानात तीस-सत्तरची बाटली नव्हती, इन्सुलिनच्या पेनात घालायची कार्ट्रिज, म्हणजे औषध भरलेली छोटी नळी, होती. "ह्येच हाय, भारीतलं हाय, सुईनं वढून घ्या," असं सांगून त्याला ती दिली गेली.

कार्ट्रिजमध्ये ३ मिली असतं, दर मिलीला १०० युनिट. तिची सिरिंज ४० ची. त्या सिरिंजची विसावी रेघ म्हणजे अर्धा मिली. बाटलीतून ओढलं तर २० युनिट. कार्ट्रिजमधून ओढलं तर ५०. म्हणजे अडीच पट.

पहिल्या संध्याकाळी दहा रेघा, म्हणजे २५ युनिट. रात्री तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरले. तिला वाटलं हिवताप आला. भाकरीचा तुकडा खाऊन झोपली. पहाटे विसावी रेघ. टोचलं, आणि गाडी भरायची घाई म्हणून अर्धीच भाकरी खाऊन फडात गेली. मोळ्या बांधता बांधता ती सरीत आडवी झाली. बायांना वाटलं भोवळ आली, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला. ट्रॅक्टर रिकामा होता म्हणून तो मिळाला. नाही तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

तिचा शब्द मात्र लिहिते. "सिस्टर, तुमी सांगितल्या तितक्याच रेघा घेतल्या मी. एक बी जास्त न्हाई." ती तक्रार करत नव्हती. आपण चुकलो नाही हे ती मला पटवून देत होती. बेशुद्ध होऊन मरता मरता वाचलेली बाई माझ्यापुढे स्वतःचा खुलासा देत होती, आणि तिचा शब्दन्‌शब्द खरा होता.

"व्हय सिस्टर"

नीतीच्या बाजूनं या प्रकरणात मला सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटतो तो या दोन शब्दांवर.

बैठकीत एका सहकारी डॉक्टरांनी मुद्दा मांडला : साखर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो असं सांगितलं तर या बाया इन्सुलिन घेतच नाहीत, म्हणून आपण तेवढं सांगत नाही. हा मुद्दा खोटा नाही. इन्सुलिन म्हणजे शेवटचा इलाज, एकदा लागलं की सुटत नाही, डोळे जातात, अशा समजुती आमच्या भागात घरोघरी आहेत. भीती घालून औषध सुटलं तर पाय जाईल. मग धोका सांगायचा की दडवायचा?

माझं मत असं. धोका दडवला म्हणून भीती टळत नाही, ती फक्त अशा जागी नेऊन ठेवली जाते जिथं आपण सोबतीला नसतो. वॉर्डात, माझ्यासमोर, हातात गुळाचा खडा घेऊन ती घाबरली असती तर मी तिचं भय काढलं असतं. फडात एकटीला घाम फुटला तेव्हा तिला तो हिवताप वाटला. आणि धोक्याबरोबर उपायही सांगितला तर भीती उरते किती? "घाम आला, थरथरलं, की आधी गूळ खायचा." एवढं वाक्य कुणालाही घाबरवत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या आचारसंहितेत रुग्णाला काळजीतला भागीदार मानून त्याला समजून-उमजून निवड करायला मदत करावी, अशी अपेक्षा आहे. भागीदाराला नफा सांगून तोटा लपवत नाहीत.

आता त्या जुन्या ओळीकडे येते. गर्भपिशवी, वय ३२. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या अनेकींना सांगितलं गेलं होतं : पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल. पाळीच्या दिवसांत पडणारे खाडे, फडावर ना न्हाणीघर ना संडास, आणि वर ही भीती. माझ्यासमोरच्या बाईनंही त्या वेळी "व्हय" म्हणून अंगठा दिला होता. पांढऱ्या कोटातलं माणूस बोललं की मान डोलवायची, प्रश्न विचारायचा नाही, हे ती आमच्याकडूनच शिकली होती. तीही शिकवणच. म्हणून "समजलं का?" या प्रश्नाला अशा बाईकडून आलेलं "व्हय" काहीच सिद्ध करत नाही. तो आदर असतो, संकोच असतो, गाडी चुकण्याची धास्ती असते. समज असेलच असं नाही.

न्यायाचाही एक प्रश्न आहे. त्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाईंनाही मी इन्सुलिन समजावलं. चारच मिनिटं. त्यांनी घरी जाऊन खोक्यातली चिठ्ठी वाचली असेल, मुलीला फोन केला असेल. दोघींना मी सारखा वेळ दिला आणि मला तो न्याय वाटला. जिला वाचता येत नाही, जिच्याजवळ फ्रिज नाही, जी दोन दिवसांत दोनशे मैल लांब जाणार आहे, तिला दुसरीइतकाच वेळ देणं म्हणजे तिला कमी देणं होतं.

कायदा काय पाहतो

बाईनं कुठंही दावा केला नाही, करणारही नाही. तरी बैठकीत हा भाग आम्ही नीट तपासला, कारण "नोंद आहे ना, मग आपण सुरक्षित" हे वाक्य मी वीस वर्षं ऐकत आले आहे आणि म्हणतही आले आहे.

संमतीबद्दलचा आपल्याकडचा मुख्य निकाल म्हणजे समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा, सर्वोच्च न्यायालय, २००८. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदे, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्याचे परिणाम, इतकी पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमतीच खरी, असं न्यायालयानं म्हटलं. तो खटला शस्त्रक्रियेचा होता. पण घरी स्वतःच्या हातानं टोचून घ्यायचं औषध हाही उपचारच आहे, आणि त्यातला मोठा धोका साखर खाली जाण्याचा आहे. त्या अर्थानं आमच्या अंगठ्याखाली माहितीच नव्हती.

सरकारी रुग्णालयांना वाटतं आपल्याला कोण विचारणार. आमच्या मराठवाड्यातलंच उदाहरण आहे. १९६३ मध्ये औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर एका महिलेच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी राज्यावर टाकली. तेहतीस वर्षं लागली, पण टाकली. ग्राहक कायद्याचं गणित वेगळं. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानुसार जिथं सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, मात्र काहींकडून पैसे घेतले जात असतील तर तिथला मोफत रुग्णही ग्राहक ठरतो.

सिस्टरच्या हातून चुकीचं इंजेक्शन गेलं तर काय होतं हेही कायद्याला चांगलं ठाऊक आहे. १९९८ चा स्प्रिंग मेडोज निकाल त्याचाच : सिस्टरनं लहान मुलाला भलतंच इंजेक्शन दिलं, मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली, रुग्णालयाला भरपाई द्यावी लागली. आमच्या प्रकरणात ५० युनिट माझ्या हातून गेले असते तर चौकशी बसली असती, माझं निलंबन झालं असतं. तेच ५० युनिट बाईच्या स्वतःच्या हातून गेले म्हणून कुणालाच काही झालं नाही. ती सुई धरायला तिला मीच पाठवलं होतं, तरीही. हा फरक मला पटत नाही. मी वकील नाही. पण शिकवणं ही डोस देण्याइतकीच परिचर्येची कृती मानली, तर अर्धवट शिकवणं हा चुकीचा डोसच ठरतो.

दुकानाचा भाग मी नजरेआड करत नाही. २०१५ च्या फार्मसी व्यवसाय विनियमांनी नोंदणीकृत औषधविक्रेत्यावर रुग्णाला औषध समजावण्याची जबाबदारी टाकली आहे. वेगळ्या ताकदीचं इन्सुलिन सिरिंज न बदलता देणं ही उघड चूक. पण साखळीतली एक कडी तिकडे तुटली म्हणून आमची कडी शाबूत होती असं होत नाही. आम्ही तिला लाल टोपी ओळखायला शिकवलं असतं तर दुकानातली चूक दुकानातच पकडली गेली असती.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात सतरा हक्क आहेत आणि सोळावा हक्क आहे रुग्णशिक्षणाचा. आपला आजार, निरोगी राहणी, आपले हक्क यांबद्दल आपल्याला समजणाऱ्या भाषेत शिकवलं जाण्याचा हक्क. सनद हा कायदा नव्हे, तिच्या भंगाबद्दल शिक्षा नाही. तरी मी ती ओळ मराठीत लिहून ड्युटी रूममध्ये लावली आहे, कारण आम्ही हे काम वेळ मिळाला तर करायचं उपकाराचं काम समजत होतो.

आणि नोंदीचं? आम्हाला शिकवतात, जे लिहिलं नाही ते केलं नाही असंच धरलं जाईल. खरं आहे. पण त्याचा आम्ही उलटा अर्थ लावून घेतला : लिहिलं म्हणजे झालं. माझी ती ओळ कोर्टात मला वाचवू शकली असती की बुडवू शकली असती, हे उलटतपासणीतल्या पहिल्या प्रश्नावर ठरलं असतं : "काय समजावलं ते सांगा."

खाडा कुणाच्या वहीत

पैशाचा हिशोब मी नवऱ्याबरोबर बसून मांडला. खासगी दवाखान्याचं बिल मुकादमानं भरलं आणि उचलीत चढवलं. ट्रॅक्टरचं डिझेल वेगळं. बाई दोन दिवस दवाखान्यात, नंतर चार दिवस कोपीत पडून. कोयता सहा दिवस बंद, सहा खाडे. सोबतीला गावाकडून सून आली, तिचा रोज बुडाला. त्यानंतर बाईनं भीतीनं इन्सुलिन सोडलंच. सोडल्यावर पायाची जखम पुन्हा उघडली, म्हणून तर ती होळीनंतर आमच्याकडे परत आली होती. त्या वर्षी उचल फिटली नाही. न फिटलेली उचल पुढच्या हंगामावर जाते, म्हणजे पुढच्या वर्षी पाय कसाही असला तरी फडावर जावंच लागणार.

आता आमच्या बाजूची वही. वीस मिनिटं शिकवायला लागली असती, आम्ही चार दिली, सोळा मिनिटं वाचली. त्या सोळा मिनिटांत मी आणखी दोन डिस्चार्ज केले, खाटा लवकर रिकाम्या झाल्या, दुपारच्या अहवालात आकडा चांगला दिसला. आम्हाला या प्रकरणात एक रुपयाचाही तोटा झाला नाही. रुग्णशिक्षणाच्या अर्थकारणातली खरी अडचण हीच आहे असं मला वाटतं. शिकवण्यानं पैसा वाचतो असं सगळेच म्हणतात, पण कुणाचा वाचतो हे कुणी विचारत नाही. वेळ आमचा वाचतो आणि नुकसान होतं कोपीत, दोनशे मैलांवर, मुकादमाच्या वहीत. ते नुकसान आमच्या कुठल्याच रजिस्टरला येत नाही, म्हणून शिकवायला माणूस मागितलं की "गरज काय" असं उत्तर येतं. अमेरिकेत २०१२ पासून काही आजारांचे रुग्ण तीस दिवसांत ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त परत आले तर सरकारी विमा रुग्णालयाचे पैसे कापतो. त्या पद्धतीचेही दोष आहेत. पण निदान तिथल्या रुग्णालयाच्या हिशोबात घरी गेलेला रुग्ण दिसतो. आमच्या हिशोबात तो दारातून बाहेर पडला की संपतो.

आणि हेही लिहायला हवं की ४२ खाटांना दोन सिस्टर हा हिशोबही कुणीतरी मांडलेला आहे. माझी चूक मी मान्य करते. ती चूक घडायला लागणारी घाई मात्र मी निर्माण केलेली नव्हती.

वॉर्डात काय बदललं

फार मोठं काही नाही. इन्सुलिन सुरू झालं की दुसऱ्या दिवसापासून सिरिंज रुग्णाच्या किंवा प्रत्यक्ष टोचणाऱ्या माणसाच्या हातात. पहिल्यांदा रिकाम्या बाटलीतल्या साध्या पाण्यावर, मग आमच्या देखत खरं. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, डोसची वेळ तीच शिकवायची वेळ. पहिला प्रश्न ठरलेला : "घरी टोचणार कोण?" तो माणूस आल्याशिवाय डिस्चार्जचा कागद तयार होत नाही. निदान होऊ नये असा प्रयत्न आहे. सणाच्या आदल्या दिवशी, दोन जणी रजेवर असताना, अजूनही कधी कधी चार मिनिटंच मिळतात.

"समजलं का?" हा प्रश्न वॉर्डातून काढून टाकला. त्याऐवजी "मावशी, सुनेला कसं सांगाल ते मला करून दाखवा." करून दाखवताना चूक झाली तर ती आमच्या सांगण्यातली चूक, असं आम्ही म्हणतो आणि परत सांगतो. वाचता न येणाऱ्यांसाठी एका पुठ्ठ्यावर लाल टोपीची सिरिंज चिकटवून विसाव्या रेघेवर दोरा बांधून देतो. रिकामी बाटली जाळायची नाही, पदराला बांधून दुकानात न्यायची. गुळाचा खडा कमरेच्या पिशवीत. आणि नोंदीत आता "समजावून सांगितले" असं लिहीत नाही. कुणी, किती वेळा, काय करून दाखवलं आणि काय जमलं नाही, ते लिहितो. विद्यार्थिनी असताना आम्ही रंगीत चार्ट काढून आरोग्य शिक्षणाचे गुण मिळवायचो. रुग्णाच्या हाताला काही जमलं का, याला त्यात एकही गुण नव्हता.

स्थलांतराआधी, भाद्रपदातच, आशाताईंकडून फडावर जाणाऱ्या मधुमेहींची नावं घ्यायची आणि त्यांना बोलवायचं, हेही सुरू केलं. पहिल्या वर्षी थोडेच आले.

त्यांत ती होती. पाय बरा झाला होता. नवऱ्याला हाताला धरून आणलं होतं. मी टेबलावर दोन सिरिंजा ठेवल्या, एक लाल टोपीची, एक नारिंगी. तिनं विचार न करता लाल उचलली, पाण्यात बुडवून विसाव्या रेघेपर्यंत ओढली, उजेडाकडे धरून बुडबुडा घालवला. मग नारिंगी हातात घेतली आणि मला विचारलं, "ह्यानं बाटलीतलं घेतलं तर?"

"तर कमी जाईल. वीसाच्या जागी आठच."

"आन् तिकडं बाटलीच मिळाली न्हाई तर? आपलं औषदच न्हाई म्हनले तर?"

हा प्रश्न मागच्या वर्षी मी तिला विचारायला हवा होता. मी म्हणाले, दुसरं काही दिलं तर टोचू नका, एक वेळ चुकली तरी चालेल, आधी वॉर्डात फोन करा. रात्रपाळीलाही कुणीतरी असतं. नवऱ्यानं खिशातून साधा फोन काढला. नंबर मी सांगत गेले, तो दाबत गेला. नाव काय टाकू, त्यानं विचारलं. त्याला वाचता येत नाही, त्यामुळे नाव टाकून उपयोग नव्हता. तिनंच तोडगा काढला : एक आकडा दाबला की लागेल असं करून द्या. मी ते करून दिलं आणि म्हणाले, आता इथूनच लावून बघा.

ड्युटी रूममधला फोन वाजला.